जात्यावरची ओवी क्लॅरिनेटवर: लोकगीतांची मांडणी कशी करावी आणि आधी काय वाचावं

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातल्या संगीतशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांच्याकडे दोन बासऱ्या, तीन बी फ्लॅट क्लॅरिनेट, एक आल्टो आणि एक टेनर सॅक्सोफोन एवढा संच जमला आहे. मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येते. शाहू जयंतीच्या कार्यक्रमात जात्यावरची ओवी, गोंधळ आणि पोवाडा असं वीस मिनिटांचं वादन करायचं आहे. कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेले सुरांचे गट) कुठे आणि किती टाकायचे, कोणाला काय वाजवायला द्यायचं (हलगी घ्यावी का, हेही त्यातच), आणि मुलांना गाण्यामागचा इतिहास सांगायचा तर कोणती पुस्तकं वाचावीत, असे तीन मुद्दे त्यांनी विचारले आहेत.

सर, आधी कॉर्डबद्दल बोलू, कारण बहुतेक मांडण्या तिथंच बिघडतात. तुमच्या तिन्ही प्रकारांना कॉर्डची गरज नाही. त्यांची साथ त्यांच्यात आधीपासून आहे. गोंधळ्याच्या मागे तुणतुणं असतं, शाहिराच्या मागे ओळ उचलून धरणारे झीलकरी असतात, तमाशाच्या फडात सूर धरणारे सुरते असतात, नगारखान्यात एक सनई चाल वाजवते आणि दुसरी नुसता सूर धरते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाद्यानं काय करायचं हे आपल्या लोकांनी फार पूर्वी ठरवून ठेवलंय. ते सोडून आपण पियानोच्या पुस्तकातले तीन कॉर्ड चालीखाली घातले, की ओवी शाळेच्या प्रार्थनेसारखी ऐकू येते. म्हणून मी मांडणीला बसताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे गाणं मुळात कोण म्हणत होतं आणि त्याच्या शेजारी कोण उभं होतं? त्याचं उत्तर मिळालं की निम्मी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लेखी मांडणी, लिहून झालेली असते. तुमचा इतिहासाच्या पुस्तकांचा प्रश्न मला म्हणूनच वेगळा वाटत नाही.

ओवीपासून सुरुवात करा. ओवीची चाल चार-पाच सुरांच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे षड्ज कुठे ठेवायचा यावर सगळा रंग ठरतो. पेटीवरच्या काळी पाचचा षड्ज सोयीचा वाटतो, कारण बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्या सुरापेक्षा एक सूर खाली वाजतो आणि त्याला तो साध्या सीमध्ये लिहिता येतो. पण मग पंचम आणि धैवत क्लॅरिनेटच्या गळ्यातल्या सुरांवर येतात, म्हणजे लिहिलेल्या जी, ए, बी फ्लॅटवर, आणि हे सूर त्या वाद्याचे सगळ्यात फिके सूर आहेत. काळी दोन घेतली तर त्याहून अवघड, कारण मध्यम आणि पंचमाच्या मध्येच वाद्याचा सांधा, म्हणजे खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना बोटं एकदम बदलण्याची जागा, येतो आणि शिकाऊ मुलाची प्रत्येक ओळ तिथं अडखळते. माझं मत पांढरी चारला, म्हणजे एफला. क्लॅरिनेटवर षड्ज खालच्या जीवर येतो आणि पंचमापर्यंतची सगळी चाल त्या जाड, लाकडी, घुमणाऱ्या खालच्या पट्टीत राहते. खाली धैवतापर्यंत उतरायलाही जागा उरते. टेनरलाही जीमध्येच लिहा, आल्टोला डीमध्ये. बासऱ्या पांढरी चारच्या घ्या, म्हणजे वरची तीन भोकं बंद केली की षड्ज.

आता गंधार. आमच्या भागात बायकांच्या तोंडून ओवी ऐकली असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल, की गंधार धड शुद्धही नसतो आणि धड कोमलही नसतो. वर जाताना चढा, उतरताना पडता. पेटीवर तो सापडत नाही, म्हणून पेटीवर बसवलेली ओवी सपाट होते. क्लॅरिनेटवर मात्र तो काढता येतो. बोहम पद्धतीच्या, म्हणजे आज सर्रास वापरात असलेल्या कळांच्या रचनेच्या, वाद्यावर, पांढरी चारच्या षड्जात, शुद्ध गंधार म्हणजे डाव्या हाताची तिन्ही बोटं अधिक उजव्या हाताचं मधलं बोट. हा सूर धरून उजव्या हाताची तर्जनी तिच्या भोकाच्या कडेवर हळूच टेकवायची. पूर्ण झाकलं तर थेट रिषभ येतो, कडेवर ठेवलं तर गंधार खाली झुकतो. किती टेकवायचं हे कानानं ठरवायचं, आणि ते प्रत्येक वाद्यावर थोडं वेगळं पडतं. खालच्या पट्टीत नुसत्या ओठानं सूर फारसा वाकत नाही, म्हणून बोटाचीच सवय लावा. बासरीवर अर्धं भोक उघडून हे सहज होतं. सॅक्सोफोनवर ओठ सैल करून. स्कोअरमध्ये त्या गंधाराच्या डोक्यावर खाली वळलेला बाण काढा आणि मुलांना एकदा एकत्र बसवून तो सूर गाऊन दाखवा.

आणि हाच गंधार कॉर्ड न टाकण्याचं दुसरं कारण आहे. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारावर ठरतं. चालीतला गंधार हलता असेल आणि खाली टेनर ठाम शुद्ध गंधार धरून बसला असेल, तर ऐकणाऱ्याला चालच बेसूर वाटते. खाली फक्त षड्ज ठेवा, फार तर पंचम. चाल मध्यमावर रेंगाळत असेल तर षड्ज-मध्यम.

मांडणी मी अशी करीन. टेनर एकटा मधला षड्ज अगदी मऊ, हवेचा अंश ठेवून धरेल. तिसरा क्लॅरिनेट त्याच षड्जावर तयार राहील आणि टेनरचा श्वास संपत आला की आत येईल, मग टेनर सुटेल. दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही एवढी एकच अट. त्यावर पहिल्या क्लॅरिनेटनं पहिली ओवी एकट्यानं वाजवायची. दुसरी ओवी बासरीवर, वरच्या सप्तकात, आणि तिच्याखाली फक्त धरलेला सूर, कारण बासरीचं खालचं सप्तक कोवळं असतं, दुसरं काही आलं की ती बुडते. तिसऱ्या ओवीला क्लॅरिनेट आणि बासरी एकत्र, पण एकमेकांना तंतोतंत जुळवून घेऊ नका. क्लॅरिनेटनं चाल साधी वाजवावी, बासरीनं कण आणि मुरक्या, म्हणजे सुरांना लावलेले छोटे अलंकार, घेत, अर्धं पाऊल मागे-पुढे होत. जात्याला दोघी बसतात तेव्हा एकीचा सूर दुसरीच्या सुरावर असाच घासत जातो. आल्टोला ओवीत काहीच देऊ नका. मुलाला वाईट वाटेल, पण पोवाड्यात त्याची भरपाई होणार आहे.

मात्रांच्या रेघा ओवीला मारू नका. जातं फिरवणाऱ्या बाईचा श्वास शब्द संपला म्हणून तुटत नाही, हात कुठे आला आणि दम कुठे संपला यावर तुटतो, कधी कधी शब्दाच्या मध्येच. ती जागा नोटेशनमध्ये स्वल्पविरामानं दाखवा आणि तशीच ठेवा. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पर्सी ग्रेंजरनं इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये 1906 च्या सुमारास फोनोग्राफवर खेड्यातल्या गायकांची गाणी मुद्रित केली, आणि 1937 साली त्यांतल्या काहींची वाद्यवृंदासाठी मांडणी करताना प्रत्येक गायकाची लय, त्याचं अडखळणं, त्याचा ताठा जसाच्या तसा उतरवला. त्यापायी तालाचे विभाग ओळीओळीला बदलले. बँडवाल्यांना ते वाचताना आजही घाम फुटतो, पण गाणारा माणूस त्यात ऐकू येतो. ती रचना म्हणजे ‘लिंकनशायर पोझी’, ती मुलांना जरूर ऐकवा. होल्स्ट आणि व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकारांच्या लष्करी बँडसाठीच्या लोकगीतांच्या रचनाही सुरेख आहेत, पण त्यांतली हार्मनी, म्हणजे कॉर्डची साथ, उचलून आपल्या चालीखाली घालू नका. ती त्या चालींची आहे.

शब्द स्वरांखाली लिहायला विसरू नका. वाऱ्याच्या वाद्यावर जीभ कुठे मारायची हे शब्द सांगतात. ‘क’, ‘त’, ‘ट’ आला की जीभ स्पष्ट, ‘ल’, ‘ग’, ‘व’ आला की नुसता स्पर्श, आणि एकाच अक्षरावर चार सूर असतील तर चारही एका श्वासात जोडून. नुसते सूर दिले तर मुलं प्रत्येक सुरावर जीभ मारतात आणि ओवी कवायतीसारखी होते.

गोंधळात संबळ खरंच आणा. त्याला दुसरं वाद्य पर्याय नाही, आणि आपल्याकडे संबळ वाजवणारे गोंधळी आहेत. त्यांना मानानं बोलवा, मानधन द्या. तुणतुणं मात्र क्लॅरिनेटवर छान बसतं. तंबोऱ्याचा सूर अखंड वाहतो, तुणतुण्याचा टोचत राहतो. म्हणून षड्ज धरायचा नाही, त्यावर जिभेनं ठोके द्यायचे, आखूड आणि कोरडे. एकाच मुलाला सलग दिलं तर जीभ जड होते आणि लय ढासळते, तेव्हा दोघांत वाटून द्या, एक ओळ याची, एक ओळ त्याची. चाल बासऱ्या आणि आल्टोकडे. संबळ जोरात असतो, बासरी सभागृहात त्याच्यापुढे टिकत नाही, म्हणून संबळवाल्यांना मुलांच्या मागे बसवा आणि बासरीपुढे माइक ठेवा. हलगीबद्दल तुम्ही विचारलंत. हलगी-घुमकं-कैताळ हा वाद्यांचा मेळ मैदानाचं काम आहे. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचताना ते अंगावर काटा आणतं, पण बंद सभागृहात सात वाऱ्याच्या वाद्यांवर हलगी वाजली की सात वाद्यं दिसतील, ऐकू येणार नाहीत. ताल फार कोरा वाटत असेल तर दिमडी, म्हणजे हातात धरायचं छोटं चामड्याचं तालवाद्य, घ्या.

पोवाडा सगळ्यात सोपा, कारण त्याची मांडणी आधीच फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी केल्यासारखी आहे. शाहीर एका दमात ओळ ओढतो, शेवटाकडे वेग वाढवतो, आणि दम संपतो त्याच क्षणी झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात. त्या वेळात शाहीर श्वास घेतो. आल्टोला शाहीर करा. षड्ज काळी दोन घ्या, आल्टोला ती साध्या सीमध्ये येते. तीन क्लॅरिनेट झीलकरी. त्यांची झील सांध्याच्या वरच ठेवा, पंचमापासून वरच्या षड्जापर्यंत, म्हणजे लिहिलेल्या सीपासून एफपर्यंत. तिथं क्लॅरिनेट झणझणीत वाजतो आणि सांधा ओलांडावा लागत नाही. झील थोडी लवकर उचलायची, शाहिराच्या शेवटच्या सुरावर चढून. नीटनेटकी थांबून उचललेली झील मेली. डफ खरा वापरा. आणि मुलांना आधी शाहीर पिराजीराव सरनाईकांचा आवाज ऐकवा, ते आपल्या कोल्हापूरचेच. ओळीच्या शेवटी ते आवाज कसा फेकत, ते आल्टोवाल्यानं तोंडानं नक्कल करून मगच वाद्यावर घ्यावं.

एक तांत्रिक गोष्ट मुलांना समजावून सांगा, कारण बासरीवरून क्लॅरिनेटकडे आलेली मुलं इथं गोंधळतात. बासरीवर किंवा सॅक्सोफोनवर त्याच बोटांनी वरचं सप्तक मिळतं. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून अंगठ्याची कळ दाबली की सप्तक ओलांडून थेट त्याच्या पुढचा पंचम येतो. सनई निमुळती असते, ती सप्तकच देते. त्यामुळे सनईवरच्या ताना क्लॅरिनेटवर बोटाबोटानं उतरवता येत नाहीत, नव्यानं बसवाव्या लागतात. शाहू जयंती जूनमध्ये येते, तेव्हा हवा दमट असते, क्लॅरिनेटचे पॅड फुगतात, रीड (मुखाशी लावायची वेताची पातळ पट्टी) जड होते. बासरीचा सूर बदलता येत नाही, तेव्हा सगळ्यांनी बासरीला मिळवायचं, आणि वाद्यं फुंकून गरम झाल्यावरच मिळवायचं.

आता पुस्तकं. संगीताच्या इतिहासावरची आपली बहुतेक पुस्तकं घराण्यांची आहेत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात आले, जयपूर-अत्रौली गायकी इथं वाढली, यावर वाचायला भरपूर मिळेल, आणि ते वाचायलाच हवं. गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ घ्या. टेंबे आपल्याच जिल्ह्यातले, पेटीवर हुकमत असलेले, 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि 1932 साली इथंच, कोल्हापुरात तयार झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटामध्ये त्यांनी कामही केलं आणि संगीतही दिलं. एका माणसाच्या कानावर लावणी, ठुमरी, ख्याल एकाच शहरात कसे पडत होते हे त्यांचं लेखन वाचताना समजतं.

पण तुमच्या कामाचं पहिलं पुस्तक अशोक रानडे यांचं ‘लोकसंगीतशास्त्र’. लोकसंगीत म्हणजे रागसंगीताची कच्ची अवस्था, हा समज अनेक इतिहासग्रंथांत पहिल्या प्रकरणात येतो आणि मग ग्रंथ लोकसंगीत विसरून पुढे निघून जातो. रानड्यांनी लोकसंगीताला स्वतःचे नियम असलेला वेगळा प्रकार म्हणून पाहिलं. पुस्तक जड आहे, वर्गात वाचून दाखवण्याजोगं नाही. तुम्ही वाचा आणि मुलांना तुमच्या शब्दांत सांगा.

भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत, गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. रागांच्या इतिहासाबद्दल कसं प्रश्न विचारत जावं याचा तो नमुना आहे. लोकगीतांसाठी त्याचा थेट उपयोग कमी. त्यांची स्वरलिपी मात्र रोज वापरा: चाल आधी त्या लिपीत उतरवा, मग षड्ज ठरवा आणि शेवटी स्टाफवर घ्या. सरळ स्टाफवर उतरवलं की पट्टी आधी ठरते आणि चाल तिच्यात कोंबली जाते.

लोकगीतांच्या संग्रहांत एक मोठी उणीव आहे आणि ती तुम्हाला पहिल्याच आठवड्यात जाणवेल. शब्द आहेत, चाली नाहीत. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली पोवाड्यांचा संग्रह छापला, साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी आयुष्यभर लोकसाहित्य जमवून छापलं. हे सगळं अनमोल आहे, पण यांतलं एकही पान उघडून तुम्हाला चाल वाजवता येणार नाही. चालीसाठी हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे जा. लाखाच्या वर ओव्या आहेत, त्यांतल्या काही हजार बायकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित केलेल्या आहेत, आणि ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यातलं बरंचसं पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळ भागातलं आहे. आपल्याकडची चाल हवी असेल तर राधानगरी, भुदरगड, कागलकडच्या तुमच्याच विद्यार्थ्यांना आजीकडे पाठवा. मोबाइलवर मुद्रण करून आणायला सांगा, आणि आजीला जात्याजवळ किंवा निदान सुपाजवळ बसवून म्हणायला सांगा. खुर्चीत बसून म्हटलेल्या ओवीची लय वेगळी पडते.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आपल्याकडे कसे आले हेही मुलांना कळायला हवं, नाहीतर ही वाद्यं परकी आहेत आणि आपण परक्या वाद्यावर गावचं गाणं वाजवतोय असा संकोच त्यांच्या मनात राहतो. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे, म्हणजे भोसलेच, 1798 ते 1832 या काळात गादीवर होते आणि त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता. दक्षिणेत त्याच शतकात क्लॅरिनेट नाचाच्या साथीला आला आणि पुढे मैफिलीतही. आपल्याकडे तो वरातीच्या बँडमधून गल्लोगल्ली पोचला. त्या बँडवाल्यांवर ग्रेगरी बूथ यांचं ‘ब्रास बाजा’ हे इंग्रजी पुस्तक 2005 साली आलं, भारतातल्या लग्नाच्या बँडवर इतक्या मनापासून लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. तुमच्या मुलांतल्या एखाद्याचे वडील बँडमध्ये असतील तर त्यांना एका तालमीला बोलवा. सूर न तोडता श्वास कसा राखायचा, उन्हात रीड कशी सांभाळायची, हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.

हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांचे लोकसंगीतावरचे निबंध मिळाले तर वाचा. हंगेरी आणि आसपासच्या खेड्यांत त्यांचे सहकारी संगीतकार कोडाय आणि ते 1905-06 पासून फिरले आणि हजारो चाली टिपल्या. जुन्या खेडुती चालींना ठरावीक कॉर्डची चौकट लागू पडत नाही, हे त्यांनी अनुभवावरून लिहिलंय, आणि चाल जितकी साधी तितकी साथीला मोकळीक जास्त, असंही त्यांचं म्हणणं आहे. त्या मोकळिकीचा उपयोग तुम्ही पुढच्या वर्षी करा. यंदा सूर धरणं, ठोके देणं आणि झील उचलणं एवढंच मुलांच्या अंगात मुरू दे.

पुस्तकं शोधायला करवीर नगर वाचन मंदिरापासून सुरुवात करा, मग शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय. जुनी संगीतविषयक पुस्तकं बाजारात सहज मिळत नाहीत, पण ग्रंथपालांना विषय सांगितला तर ते मागच्या कपाटातून काय काय काढून देतात.

शेवटची गोष्ट स्कोअरच्या पहिल्या पानाची. चालीच्या नावाखाली ‘पारंपरिक’ एवढंच लिहून थांबू नका. ज्या आजीकडून ओवी घेतली तिला विचारून, तिची हरकत नसेल तर, तिचं नाव, गाव आणि ती ओवी कोणत्या कामाला म्हणत होती ते लिहा. नाव नको म्हणाली तर गाव आणि काम लिहा. मांडणी करणाऱ्याचं, म्हणजे तुमचं नाव त्याच्या खाली. कार्यक्रमपत्रिकेतही हाच क्रम ठेवा, आणि निवेदकाला तो वाचून दाखवायला सांगा.